शनिवारचा डाव कसा टिकवावा

आमच्यात मित्रांचे आभार मानायची पद्धत नाही. सभेत कुणी ‘आता आभारप्रदर्शन’ म्हटलं की लोक पायाने खुर्चीखालच्या चपला चाचपायला लागतात. खास दोस्ताला ‘थँक्यू’ म्हणावं तर तो विचारतो, ‘बरी आहेस ना?’ त्यामुळे २०१८ च्या जानेवारीपासून दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला जे पाच जण माझ्या घरी येऊन बसतात, त्यांचे मी कधी आभार मानलेले नाहीत. टेबल पुसते, सहा खुर्च्या लावते, फासे शोधून ठेवते, पत्त्यांचे कोपरे दुमडले असतील तर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवते. माझं आभारप्रदर्शन एवढंच. परवा बँकेतली एक मैत्रीण म्हणाली, ‘आमच्या बिल्डिंगमध्ये असं काही सुरू करायचंय, कसं करायचं सांग.’ तिला फोनवर सांगता सांगता दीड तास गेला. तेच इथे लिहून ठेवते.

आधी भिडू, मग डबा

मी २०१६ मध्ये बदली होऊन कऱ्हाडहून नाशिकला आले. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. दिवसभर काउंटरवर माणसांशी बोलून घसा बसायचा आणि घरी आल्यावर लिफ्टमध्ये ‘तिसरा ना?’ एवढाच संवाद. दीड वर्ष असं गेलं. २०१७ च्या डिसेंबरात भाचा स्टुटगार्टहून सुट्टीला आला, तो कार्कासोन नावाच्या खेळाचा डबा घेऊनच. दोन दिवस माझ्याशी खेळला आणि गेला. खेळ दोन ते पाच जणांचा, आणि घरात मी एकटी. डबा कपाटावर गेला.

पुढच्या महिन्यात एका रात्री कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला आणि सगळी बिल्डिंग खाली आली. पहिल्या मजल्यावरचे काका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यांनी इमर्जन्सी दिवा आणि पत्त्यांचा जोड आणला होता. जिन्याच्या पायरीवर बसून ते पत्ते पिसत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘ओ मॅडम, मेंढीकोट येतं का? एक भिडू कमी पडतोय.’

कऱ्हाडला आजोळच्या माडीवर मे महिन्याच्या सगळ्या दुपारी आम्ही मेंढीकोटच खेळलो होतो. ‘येतं,’ म्हटलं. वीज साडेअकराला आली. आम्ही चौघं एकपर्यंत पायरीवरून उठलो नाही.

म्हणून पहिला सल्ला हा: ‘या हं, आमच्याकडे बोर्डगेम आहे’ असं बोलावू नका. चाळिशीपुढचा माणूस ‘ते मुलांचं असतं’ म्हणेल आणि मुलं ‘मोठ्यांबरोबर कुठे’ म्हणतील. ज्याचे नियम लोकांच्या अंगात मुरलेले आहेत अशा खेळाने सुरुवात करा. आपल्याकडे त्यासाठी मेंढीकोटासारखं दुसरं काही नाही. समोरासमोरचे दोघं भिडू, प्रत्येकी १३ पानं, चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. तीन मेंढ्या आल्या की डाव तुमचा, चारही आल्या तर कोट, आणि दोन-दोन झाल्या तर ज्याचे ७ हात तो जिंकला. पाच मिनिटांत कुणीही बसतं. सहा जण असतील तर आम्ही चारही दुर्र्या बाजूला काढतो, म्हणजे ४८ पानं राहतात, प्रत्येकी ८. तीन-तीनच्या जोड्या, एकाआड एक बसायचं.

महिनाभर फक्त मेंढीकोट खेळलो. तोवर कपाटावरच्या डब्याचं मी नावही काढलं नाही.

वार बदलायचा नाही, आणि ‘कोण कोण येणार?’ विचारायचं नाही

हा नियम मी खूप शनिवार वाया घालवून शिकले. ग्रुपवर ‘उद्या जमतंय का?’ लिहिलं की एकाला रविवार बरा वाटतो, दुसऱ्याला नऊनंतर बरं वाटतं, तिसरा ‘बघतो’ म्हणतो आणि त्या ‘बघतो’वर बाकीचे दोघं गळतात. आता मी शनिवारी दुपारी फक्त ‘साडेसात’ एवढा एकच शब्द टाकते. ज्याला यायचं तो येतो. सहा आले तर सहांचा खेळ, तीन आले तर तिघांचा. एकदा मुसळधार पावसात एकटे काकाच आले, छत्री दाराबाहेर उघडी ठेवून. दोघांनी कार्कासोन खेळलं, पिठलं-भात खाल्ला. तो शनिवारही वहीत आहे. वहीचं पुढे सांगते.

साडेसात म्हणजे साडेसात. काका सात एकोणतीसला बेल वाजवतात. तीस वर्षं गाडीच्या वेळेवर काढलेला माणूस.

नवा खेळ शिकवताना

नियमपुस्तिका हातात घेऊन मोठ्याने वाचायला लागलात की डाव तिथेच संपला समजा. आमच्यातल्या बाई महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवतात, त्यांनी मला याची शिस्त लावली. आधी एका वाक्यात सांगायचं, जिंकायचं कसं. मग, पाळी आली की काय करायचं. बाकीचं जेव्हा समोर येईल तेव्हा. आणि पहिला डाव नेहमी कच्च्या लिंबाचा: हार-जीत धरायची नाही, चाल परत घेता येते, हातातलं दाखवून विचारलं तरी चालतं. लहानपणी धाकट्या भावंडाला आपण कच्चं लिंबू करून घ्यायचो. पन्नाशीच्या माणसालाही ती सोय लागते, फक्त तो मागत नाही. म्हणून सगळ्यांनीच पहिल्या डावात कच्चं लिंबू व्हायचं.

कार्कासोन मी असं शिकवते. ७२ चौकोनी फरशा. पाळी आली की एक उचलायची आणि आधीच्या फरशीला अशी जोडायची की रस्त्याला रस्ता, तटबंदीला तटबंदी, शेताला शेत भिडेल. मग वाटलं तर त्यावर आपला एक गडी उभा करायचा. (तिकडे या लाकडी माणसाला मीपल म्हणतात. आमच्याकडे तो पहिल्या दिवसापासून गडी आहे.) रस्ता पुरा झाला की फरशीमागे १ गुण, शहर पुरं झालं की फरशीमागे २, मठाभोवती आठही बाजू भरल्या की ९. काम झालं की गडी परत हातात. प्रत्येकाकडे खेळायला गडी सातच, त्यामुळे ते अडकून पडले की हात चोळत बसावं लागतं. हे एवढं पुरे. शेतात गडी आडवा झोपवून शेवटी गुण मोजायचा एक नियम आहे, तो पहिल्या दिवशी सांगूच नका. मी सांगितला होता. मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे चार गडी शेतात झोपवले आणि शेवटच्या हिशोबात आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. धाकटे डॉक्टर त्या रात्री जेवले नाहीत म्हणे.

हे दोघं नवरा-बायको, दोघंही दातांचे डॉक्टर. तिच्याकडे पेशंट जास्त म्हणून ती मोठी, तो धाकटा. वयाने उलट आहे. त्यावरून आठवलं: नवरा-बायकोला एकमेकांचे भिडू करू नका. काका याला जेजुरीचा दाखला देतात. खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळताना हरला, त्यापायी बारा वर्षं घराबाहेर राहावं लागलं आणि तिकडेच बाणाई भेटली, अशी कथा आहे. ‘प्रत्यक्ष देवाला निभावलं नाही,’ असं म्हणून काका धाकट्या डॉक्टरांना उठवून बाईंशेजारी बसवतात.

कॅटन, आणि गणित कुणाला सांगायचं

पुढचा डबा कॅटनचा आला. १९९५ सालचा खेळ, कर्ता क्लाउस टॉयबर. हा माणूस जर्मनीत दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारा तंत्रज्ञ होता आणि घराच्या तळघरात खेळ रचायचा, हे कळल्यापासून दोन्ही डॉक्टर या खेळाकडे घरचं कार्य असल्यासारखं बघतात.

सहा कोनांच्या १९ फरशांचं बेट. त्यावर वीट, लाकूड, लोकर, धान्य, खनिज. दोन फासे टाकायचे, दान पडेल त्या आकड्याची फरशी पिकते. रस्ते, वस्त्या बांधत १० गुण करायचे. सगळी मजा देवघेवीत आहे: ‘वीट दे, मेंढी घे.’ लोकरीच्या पत्त्यावर मेंढीचं चित्र असतं. काकांनी ते पाहिलं आणि टेबलावर थाप मारली, ‘अरे, इथेही मेंढ्याच!’ त्या दिवसापासून ते मेंढ्या गोळा करतात. उपयोग असो वा नसो. मेंढी सोडून द्यायला हात होत नाही त्यांचा.

नव्या माणसाला इथे थोडं गणित सांगायला हवं, नाहीतर तो सारखा हरतो आणि नशिबाला बोल लावतो. दोन फाशांची ३६ दानं. त्यात ७ सहा वेळा येतो, ६ आणि ८ प्रत्येकी पाच वेळा, आणि २ किंवा १२ फक्त एकेकदा. म्हणजे ६ आणि ८ लिहिलेल्या फरशा म्हणजे नदीकाठची जमीन, २ आणि १२ म्हणजे माळरान. आकड्याखाली ठिपके छापलेले असतात तेही हेच सांगतात. ७ पडला की काहीच पिकत नाही. ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते, त्याने निम्मे टाकायचे, आणि ज्याने फासे टाकले तो दरोडेखोर उचलून कुणाच्या तरी फरशीवर नेऊन ठेवतो. ती फरशी मग आकडा पडला तरी पिकत नाही.

या दरोडेखोरापायी आमचा डाव मोडायला आला होता, आणि मोडणारी मीच.

२०१९ चा पावसाळा. माझे ८ गुण झाले होते, ८ आकड्याच्या गव्हावर माझी दोन घरं. तीनदा ७ पडला, तीन वेगवेगळ्या माणसांना, आणि तिघांनीही दरोडेखोर माझ्याच गव्हावर आणला. खेळ म्हणून ते बरोबरच होतं. पुढे असलेल्याला अडवायचंच असतं. पण त्या आठवड्यात कामावर माझ्या हिशोबात दुसऱ्याची चूक खपवली गेली होती, आणि ‘सगळे मिळून मलाच’ हे वाक्य तयारच होतं आतमध्ये. मी काही बोलले नाही. पट गोळा केला आणि डब्यात भरला. डाव अर्धा. बारक्या, शेजारचा कॉलेजातला पोरगा, दबक्या आवाजात म्हणाला, ‘रडीचा डाव खडी.’ ते ऐकू आल्यावर तर मी दिवाही मालवला.

तीन शनिवार मी ‘साडेसात’ लिहिलं नाही. चौथ्या शनिवारी सात एकोणतीसला बेल वाजली. दारात काका. शर्टाच्या खिशातून त्यांनी नारिंगी रंगाची एक लाकडी काडी काढली. कॅटनमधला रस्ता. ‘ताई, तुमचा रस्ता माझ्या खिशात राहिला होता.’ त्यांना सुटे पैसे खिशात टाकायची सवय, हातात येईल ते टाकतात. मागे जिन्यात बाकीचे चौघं उभे होते, बाईंच्या हातात उकडलेल्या शेंगांचा डबा. तो रस्ता चुकून राहिला होता की मुद्दाम, हे मी अजून विचारलेलं नाही.

तेव्हापासूनचे आमचे नियम: एकाच माणसावर लागोपाठ दोनदा दरोडेखोर नाही. (मूळ नियमांत असं काही नाही, पण मूळ नियम लिहिणारा आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही.) आणि कुणालाही ‘टाइमप्लीज’ म्हणून पाच मिनिटं गॅलरीत जाऊन यायची मुभा. कारण विचारायचं नाही.

सहा जण आणि मराठी शब्द

मूळ कॅटन चौघांचा, कार्कासोन पाचांचा. सहाव्याचं काय? दोघांचा मिळून एक रंग करता येतो. पण सहा जणांना उत्तम म्हणजे कोडनेम्स, व्लादा ख्वातिल या चेक माणसाचा २०१५ चा खेळ. विकतच्या डब्यातले शब्द इंग्रजी. काकांना आणि बाईंना त्यात काय गंमत येणार? आम्ही कोऱ्या कार्डांवर मराठी शब्द लिहिले. हे तुम्हीही करा, खर्च नाममात्र आहे आणि लिहितानाच अर्धी करमणूक होते. दोन-तीन अर्थ असलेले शब्द शोधायचे: वर, हार, पान, नाव, तार, काटा, माळ, दंड, वात, अंक, पार, जोडा, कळ, गोळी. दोनशे झाले की पुष्कळ.

मांडणी अशी: २५ शब्द पाच-पाचच्या ओळीत. दोन गट, प्रत्येकाचा एक म्होरक्या. नकाशा फक्त दोन म्होरक्यांना दिसतो: सुरुवात करणाऱ्या गटाचे ९ शब्द, दुसऱ्याचे ८, कुणाचेच नाहीत असे ७, आणि १ मारेकरी, त्याला हात लावला की गट बाद. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा बोलायचा, बस; त्यावरून गटाने आपले शब्द ओळखायचे. भुवया उडवायच्या नाहीत. मोठ्या डॉक्टरांचा डोळा फडफडतो, ती आम्ही अंचई धरतो.

एकदा त्यांनीच इशारा दिला, ‘मांडव, तीन.’ त्यांच्या मनात वर, हार आणि जोडा. जोडा म्हणजे नवरा-नवरी. बारक्याने ‘हार’ लगेच दाखवला. ‘वर’वर तो अडला, कारण त्याच्या डोक्यात ‘खाली-वर’. बाईंनी कपाळाला हात लावला. मग तो म्हणाला, ‘मांडव वरच असतो की!’ आणि बरोबर निघालं. तिसऱ्याला सरळ ‘जोडा’. मोठ्या डॉक्टर खूश, ‘आला रे विचार!’ तर बारक्या म्हणतो, ‘मग! करवल्या जोडेच पळवतात ना मांडवात.’ तिन्ही उत्तरं बरोबर, दोन कारणं चूक. काकांना हसताना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

टाळेबंदीत हाच खेळ कामाला आला. पट सगळ्यांना सारखाच दिसायचा असतो, त्यामुळे माझ्या टेबलावर शब्द मांडून वरून फोनचा कॅमेरा लावला की झालं. म्होरक्यांना नकाशाचा फोटो पाठवायचा. हातातले पत्ते लपवावे लागतात असे खेळ फोनवर जमत नाहीत, नादी लागू नका.

पैशाचं

परदेशी डबे महाग असतात, बरेचसे दोन-अडीच हजारांच्या पुढे. एकट्याने घेऊ नका, नाहीतर ‘माझा खेळ आहे, जपून’ हे सुरू होतं. आम्ही भिशी लावली. महिना २०० रुपये, सहा जणांचे १२००, दोन महिन्यांत एका डब्याची सोय. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याने खेळ निवडायचा, आणि त्याने निवडलेला खेळ कितीही रटाळ निघाला तरी तीनदा खेळायचा. खरेदी फसू नये म्हणून एक खूण: जर्मनीत १९७९ पासून दरवर्षी ‘श्पील डेस यारेस’, म्हणजे वर्षाचा खेळ, असा पुरस्कार देतात. डब्यावर तांबडी सोंगटी असते. कॅटन, कार्कासोन, कोडनेम्स तिघांनाही तो मिळालेला आहे. घरात सगळ्या वयाची माणसं असतील तर ही खूण सहसा दगा देत नाही.

चिवडा नको

खाण्यावरून मी कडक आहे. चिवडा, भजी, शेव, तळलेलं काहीही टेबलावर नको. तेलाचं बोट पत्त्याला लागलं की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो आणि मग खेळात काय राहिलं? फुटाणे चालतात, उकडलेल्या शेंगा मध्यंतरात. चहाचे कप वेगळ्या स्टुलावर, टेबलापासून हातभर लांब. तरी एकदा सांडलाच. सांडला तर पुसायचा नाही, टिपायचा. फरशा टिपकागदात घालून रद्दीच्या गठ्ठ्याखाली दोन दिवस. उन्हात ठेवल्या तर पुठ्ठा पापडासारखा वळतो. पावसाळ्यात डब्यांत बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि डबे माळ्यावर कधीही नको.

उठण्यापूर्वी मोजदाद. सुटे भाग कमी आहेत हे पुढच्या शनिवारी कळण्यापेक्षा आत्ता खुर्चीखाली वाकलेलं बरं.

हातात काय आहे ते

पॅन्डेमिकसारखे काही खेळ सगळ्यांनी मिळून खेळायचे असतात. हरलो तर सगळे, जिंकलो तर सगळे. त्यात एक धोका आहे. ज्याला खेळ जास्त कळतो तो सगळ्यांच्या चाली स्वतःच सांगायला लागतो. आमच्यात धाकटे डॉक्टर. ‘तुम्ही इथे जा, तुम्ही ते टाका.’ बाकीचे नुसते हलवणारे हात. त्यांना बोलून उपयोग झाला नाही. उपाय निघाला तो हानाबी या खेळात. आंतोआन बोझा या फ्रेंच माणसाचा खेळ, नाव जपानी, अर्थ शोभेची दारू.

पाच रंग, १ ते ५ आकडे, प्रत्येक रंग चढत्या क्रमाने लावायचा. मेख अशी की आपले पत्ते उलटे धरायचे. माझे पत्ते मला सोडून सगळ्यांना दिसतात. इतरांनी मला मोजके इशारे द्यायचे: ‘हे दोन तांबडे आहेत’, ‘हा एक तीन आहे.’ इशाऱ्यांचे ठोकळे ८, चुकांना मुभा दोनच, तिसरी चूक झाली की खेळ खलास. इथे धाकट्या डॉक्टरांना दुसऱ्याचा डाव खेळता येईना, कारण त्यांना स्वतःचाच दिसत नव्हता.

पण खरी पंचाईत काकांची. मुक्कामी गाडीच्या रात्री कुठल्यातरी डेपोत मिणमिणत्या दिव्याखाली पत्ते छातीशी धरून खेळलेला माणूस. तुम्ही त्यांना पत्ते बाहेर तोंड करून धरायला सांगताय. पहिल्या दिवशी दर दोन मिनिटांनी पत्ते आपोआप आत वळायचे, आम्ही पाच जण ओरडायचो, ‘काका!’ आणि ते दचकून पुन्हा बाहेर करायचे. शेवटी वैतागून म्हणाले, ‘हा काय खेळ झाला? माझ्या हातात काय आहे ते मला सोडून सगळ्या जगाला ठाऊक!’

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. ऑपरेशनआधीचे दोन-तीन महिने त्यांना पत्त्यावरचे आकडेच नीट दिसत नव्हते. मेंढीकोटात ते गप्प बसायचे, चुकीचं पान पडायचं, आणि ‘लक्ष नव्हतं’ म्हणायचे. एके दिवशी ते स्वतःहून म्हणाले, ‘ते उलटं काढा.’ हानाबी. त्यात आपलं पान आपल्याला दिसायचंच नसतं. इतरांनी सांगायचं, आपण लक्षात ठेवायचं. लक्षात ठेवण्यात त्यांचा हात कोण धरणार? प्रत्येक पत्ता ते बोटांच्या वेगळ्या पेरात धरायचे, जुन्या तिकिटांच्या गठ्ठ्यांसारखा. दुसऱ्यांची पानं दिसत नसली की बारक्या शेजारून हळूच वाचून सांगायचा. नियमात बसत नाही. कुणी काही म्हटलं नाही. त्या मोसमात २५ पैकी २१ गुणांपर्यंत गेलो, तो आमचा आजवरचा उच्चांक.

तेव्हा आणखी एक उलगडा झाला: धाकट्या डॉक्टरांना तांबडा आणि हिरवा रंग वेगळे कळत नाहीत. बेचाळीस वर्षांत बायकोलाही पत्ता नव्हता. पुरुषांत हे बायकांपेक्षा बरंच जास्त आढळतं, म्हणून खेळ घेताना बघा की पत्त्यांवर रंगासोबत काही चिन्हही आहे का. नसेल तर बॉलपेनने कोपऱ्यात बारीक खूण करा. आम्ही तांबड्याला टिंब, हिरव्याला रेघ केली.

वही

दोनशे पानी वही, दोरीने पेन बांधलेली. तारीख, खेळ, कोण आलं, कोण जिंकलं, आणि एक ओळ. ती ओळ हरलेल्याने लिहायची. जिंकणाऱ्याला हसू असतंच, बोलायला जागा हरलेल्याला हवी. काही ओळी: ‘मेंढ्या ११, गुण ४.’ ‘बाईंनी आज शिट्टी वाजवली.’ ‘पाऊस. दोघंच. पिठलं.’ माझी त्या पावसाळ्यातली ओळ कोरी आहे, फक्त तारीख.

बारक्या यंदा शिकायला जर्मनीला गेला, ड्युसेलडॉर्फला. तिथून एसेन जवळच; ऑक्टोबरात तिथे बोर्डगेमची प्रचंड जत्रा भरते, १९८३ पासून. निरोपाला काय द्यावं यावर बरीच चर्चा झाली. भाषण कुणी केलं नाही. आम्ही पाच जणांनी बसून मराठी कोडनेम्सच्या दोनशे कार्डांची नक्कल लिहून काढली, प्रत्येकाने चाळीस. काकांचं अक्षर लावता लावता त्याला तिकडे सोबत होईल. सहावी खुर्ची मी अजून लावते. सातव्या मजल्यावरची नवी भाडेकरू मुलगी गेल्या दोन शनिवारी येऊन नुसती बघत बसली, तिसऱ्यांदा तिला कच्चं लिंबू करून घेऊ.

काल उठताना कार्कासोनच्या फरशा मोजल्या. ७१ निघाल्या. खुर्च्यांखाली पाहिलं, गालिचा झटकला, डब्याची पुठ्ठ्याची तळपट्टी उचलून पाहिली. मग पहिल्या मजल्यावर फोन लावला, ‘काका, खिसा बघा जरा.’

पलीकडे खुडबुड झाली.

‘आहे आहे,’ काका म्हणाले. ‘शनिवारी येतो घेऊन.’